आझरी बोली आणि तिचे शेजारी

अकराव्या शतकात सिरियातील मअर्रा या गावी अबुल-अला अल-मअर्री हा अंध कवी राहत असे. त्याच्यापाशी अध्ययन करण्यासाठी तब्रीझहून खतीब तब्रीझी नावाचा एक विद्यार्थी आला होता. बाराव्या शतकातील अरबी ग्रंथकार समआनी याने या गुरुशिष्यांची एक हकीकत सांगितली आहे. एके दिवशी मशिदीत अध्ययन चालू असता खतीबाच्या गावचा एक मनुष्य अकस्मात तेथे आला. बराच काळ आपल्या प्रांतातील कोणीही दृष्टीस न पडलेल्या त्या विद्यार्थ्याला हर्ष आवरेना. गुरूंची परवानगी घेऊन तो आपल्या माणसाशी मनसोक्त बोलला. तो परत येऊन बसल्यावर गुरूंनी विचारले, ही कोणती भाषा? शिष्याने उत्तर दिले, ही आझरबैजानच्या लोकांची भाषा. मअर्री म्हणाला, मला ही भाषा समजली नाही, परंतु तुम्ही दोघे जे बोललात ते माझ्या ध्यानात राहिले आहे; आणि त्याने ते सारे संभाषण जसेच्या तसे म्हणून दाखविले.

ही कथा सांगणाऱ्याचा हेतू अर्थातच मअर्रीच्या अलौकिक स्मरणशक्तीचे वर्णन करण्याचा होता. पण भाषेच्या अभ्यासकाला तिच्यात दुसरेच काही दिसते. परमुलखात आपल्या गावचा मनुष्य भेटताच ज्या भाषेने एका विद्वानाच्या जिभेचा ताबा घेतला, ती भाषा अरबी नव्हती आणि तुर्कीही नव्हती. ती होती आझरी, म्हणजे आझरबैजानची प्राचीन इराणी बोली. आज तब्रीझच्या बाजारात ती ऐकू येत नाही; तेथे शतकानुशतके तुर्की बोलली जात आहे. ही बोली कोणती होती, तिचे शेजारच्या भाषांशी नाते काय होते आणि ती लोपली कशी, याचा थोडक्यात विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच नावाविषयी एक खुलासा करणे अवश्य आहे. आज 'आझरी' हा शब्द पुष्कळदा आझरबैजानच्या तुर्की भाषेला उद्देशून वापरला जातो. येथे तो त्या अर्थाने योजिलेला नाही. शिकंदराच्या काळी आत्रोपातेस नावाचा क्षत्रप या भूमीवर अधिकार चालवीत होता. त्याच्या नावावरून तिला आतुर्पातकान आणि पुढे आझरबैजान हे नाव पडले. 'अग्नीने रक्षिलेला' हा त्या क्षत्रपाच्या नावाचा अर्थ. त्यातील उत्तरपदात संस्कृत 'पाति'मधील 'पा' हाच धातू आहे. म्हणजे भूमीचे नाव इराणी, आजची बोलभाषा तुर्की, आणि या दोहोंच्या मध्ये लुप्त झालेली एक बोली, असा हा प्रकार आहे.

या बोलीविषयीच्या साक्षी जुन्या ग्रंथांत विखुरलेल्या आहेत. आठव्या शतकातील इब्न अल-मुकफ्फा याचे मत दहाव्या शतकाच्या अखेरीस इब्न अल-नदीम याने आपल्या 'फिहरिस्त' या ग्रंथात नोंदविले आहे. त्यात इराणच्या भाषांची गणना करताना 'फहलवी' भाषेच्या प्रदेशात इस्फहान, रय, हमदान, निहावंद आणि आझरबैजान हे पाच प्रांत सांगितले आहेत. मसऊदी याने दहाव्या शतकात पहलवी आणि दरी यांच्या जोडीला 'आझरी' असे स्वतंत्र नाव घेतले. तेराव्या शतकाच्या आरंभी याकूत लिहितो की, आझरबैजानच्या लोकांची आझरी नावाची एक भाषा आहे आणि ती त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणाला समजत नाही. इ. स. १३४०च्या सुमारास हम्दुल्ला मुस्तौफी याने आपल्या भूवर्णनात झंजान, मराघा इत्यादी नगरांचे लोक पहलवी बोलतात असे नमूद केले; कोणाची शुद्ध आणि कोणाची बदललेली, हेही सांगण्यास तो विसरला नाही.

यांपैकी सर्वांत बोलकी साक्ष प्रवासी नासिर खुस्रो याची आहे. तो १०४६ मध्ये तब्रीझला आला असता त्याला कत्रान नावाचा कवी भेटला. नासिर लिहितो, हा कविता चांगली करतो, पण याला फारसी नीट येत नाही. कत्रानाने खुरासानी कवींचे दिवाण आणून त्यांतील कठीण जागांचा अर्थ त्याला विचारला. फारसीत उत्तम काव्य रचणाऱ्याला फारसी येत नाही, हे कसे? याचा उलगडा असा की, खुरासानात घडलेली ग्रांथिक फारसी ही तब्रीझच्या कवीची मायबोली नव्हती. ती त्याने ग्रंथांतून संपादन केलेली होती. घरी तो वेगळी इराणी बोली बोलत असावा. तुर्की भाषा या प्रांतात रुजण्यापूर्वीच आझरीच्या डोक्यावर फारसीचे छत्र आले होते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवली पाहिजे.

या सर्व साक्षी प्रथम एकत्र करून त्यांचा अन्वयार्थ लावण्याचे श्रेय अहमद कसरवी यांना आहे. कसरवी १८९० मध्ये तब्रीझला जन्मले. त्यांची मायबोली तुर्की होती. आझरबैजानचे लोक मूळचे कोण, या प्रश्नावर इस्तंबूल आणि तेहरान येथील वृत्तपत्रांत वाद पेटला असता त्यांनी 'आझरी, अर्थात आझरबैजानची प्राचीन भाषा' ही लहानशी पुस्तिका लिहिली. ती इराणी सन १३०४ मध्ये, म्हणजे इ. स. १९२५-२६ मध्ये प्रसिद्ध झाली. वडोदऱ्यास जन्मलेल्या माधवराव पटवर्धन यांचा, म्हणजे आपल्या माधव जूलियनांचा, 'फारसी-मराठी कोश' हाही १९२५चाच. एकाने फारसीने आपल्या भाषेत काय ठेवले ते मोजले. दुसऱ्याने आपल्या भाषेच्या तळाशी काय गाडले गेले ते उकरून काढले. कसरवींचा शेवट मात्र दारुण झाला. त्यांच्या धर्मविषयक लेखनाने चिडलेल्या मारेकऱ्यांनी ११ मार्च १९४६ रोजी तेहरानच्या न्यायमंदिरात त्यांचा वध केला.

आता या बोलीच्या कुळाकडे वळू. इराणी भाषांच्या पश्चिम शाखेचे नैर्ऋत्य आणि वायव्य असे दोन गट मानतात. फारसी पहिल्या गटातील. कुर्दी, गिलकी, तालिशी, ताती आणि प्राचीन पार्थियन या दुसऱ्या गटातील. आझरी या दुसऱ्या गटाची. म्हणजे 'फारसीची बिघडलेली बोली' असे जे तिचे वर्णन पुष्कळदा केले जाते, ते यथार्थ नव्हे. ती फारसीची कन्या नसून चुलत बहीण आहे.

या दोन गटांतील भेद मराठी वाचकाला घरबसल्या पडताळून पाहता येतो. संस्कृतात ज्या ठिकाणी 'ज' (क्वचित 'ह') येतो, त्या कित्येक शब्दांत अवेस्ता आणि वायव्येकडील भाषा 'झ' ठेवतात, तर फारसी 'द' करते. संस्कृत 'जामातृ', आपला 'जावई'. कुर्दीत 'झावा', फारसीत 'दामाद'. संस्कृत 'हस्त', अवेस्तात 'झस्त', फारसीत 'दस्त', जो आपल्या 'दस्तऐवज' या शब्दात येऊन बसला आहे. संस्कृत 'अहम्'च्या जागी अवेस्तात 'अझेम' आणि प्राचीन फारसीत 'अदम्'. पुढे फारसीने हे सर्वनाम टाकून 'मन' स्वीकारले, पण कुर्दी, ताती आणि तालिशी बोलणारा मनुष्य आजही स्वतःला 'अझ' किंवा 'एझ' म्हणतो, आणि जुन्या आझरी पद्यांतही तेच रूप आढळते. 'जाणणे' या अर्थाचा धातू कुर्दीत 'झान', फारसीत 'दान'. आपण मराठीत 'अजाण' म्हणतो आणि 'नादान'ही म्हणतो. पहिला शब्द आपल्या घरचा, दुसरा फारसीतून आलेला. पण दोहोंची घडण एकच, धातू एकच आणि मूळ अर्थही एकच, न जाणणारा. कुर्दीत त्यालाच 'नेझान' म्हणतात. मराठी मनुष्य 'जाणणे' आणि 'जावई' यांतील 'ज' दन्त्य उच्चारतो, म्हणून तो या 'झ'च्या फार जवळ जातो, हे खरे. परंतु हा उच्चार मराठीत स्वतंत्रपणे आलेला आहे, त्यावरून काही सिद्ध करू जाणे धाडसाचे होईल.

आझरीचा आणखी एक विशेष कसरवींच्या ध्यानात आला. शब्दाच्या मध्यावर किंवा अखेरीस येणारा जुना 'त' तिच्यात काही ठिकाणी 'र' होतो. त्यामुळे 'तुझा' या अर्थाचा प्रत्ययही 'र'कारान्त दिसतो. ही खूण जुन्या पद्यांत आढळते आणि आझरबैजानच्या काही खेड्यांत टिकून राहिलेल्या बोलींतही आढळते. ग्रंथांतील मृत शब्द आणि खेडुताच्या तोंडचे जिवंत शब्द यांना जोडणारा असा दुवा भाषाशास्त्रात मोलाचा असतो.

हे दुवे कोठे सापडतात? तब्रीझच्या वायव्येस हरझंद आणि गलिनकया, पूर्वेस खलखालचा डोंगराळ मुलूख, कास्पियन समुद्राच्या काठी तालिश, आणि बऱ्याच दक्षिणेस कझवीनजवळची ताकिस्तान, चाल, इश्तिहार्द ही गावे. यांतील बहुतेक बोलींना 'ताती' असे नाव आहे. 'तात' हा तुर्कांनी स्थायिक, शेतकरी, परभाषी लोकांना लावलेला शब्द. त्यामुळे काकेशस पर्वताजवळची एक निराळीच, फारसीला जवळची भाषाही 'तात' म्हणूनच ओळखली जाते, आणि अभ्यासकांचा घोटाळा होतो. १९५०नंतरच्या दशकात यह्या झोका यांनी करिंगान आणि गलिनकया येथील बोलींचे नमुने प्रसिद्ध केले, अब्दुल-अली कारंग यांनी १९५४ मध्ये ताती आणि हरझनी यांवर पुस्तक लिहिले, आणि एहसान यारशातिर यांनी कझवीनकडील खेड्यांतून हिंडून १९६९ मध्ये दक्षिण ताती बोलींचे व्याकरण सिद्ध केले.

यारशातिरांनी वर्णिलेल्या या व्याकरणात मराठी शिक्षकाला घरच्यासारखे वाटावे असे पुष्कळ आहे. फारसीत नामाला लिंग नाही. तिच्यात 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम. चालसारख्या गावच्या ताती बोलीत मात्र पुल्लिंग आणि स्त्रीलिंग यांचा भेद जिवंत आहे. स्त्रीलिंगी नामाच्या अखेरीस आघातहीन 'अ' येतो. त्याहून लक्षणीय गोष्ट भूतकाळाची. आपण 'मुलगा भाकरी खातो' म्हणतो. पण भूतकाळ येताच 'मुलाने भाकरी खाल्ली', 'मुलीने आंबा खाल्ला' असे म्हणतो. कर्ता विभक्तीच्या आड जातो आणि क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते. हा कर्मणि प्रयोग शिकविताना कोणत्या शिक्षकाची दमछाक झाली नसेल? ताती बोलींतही सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी कर्ता असाच सामान्यरूपात जातो. कारणही एकच. दोन्ही शाखांत जुनी भूतकाळी क्रियारूपे लोपली आणि त्यांच्या जागी 'त'प्रत्ययान्त कर्मणि धातुसाधित आले. संस्कृतात 'रामेण ग्रन्थः पठितः' असे झाले, इराणीतही तशीच रचना आली. फारसीने ही घडी पुढे मोडली. ताती, तालिशी आणि उत्तर कुर्दी यांनी ती राखली. मराठीने हे त्यांच्यापासून घेतलेले नाही, त्यांनीही आपल्यापासून घेतलेले नाही; दोघींनी एकाच आजीच्या पेटीतील कापडातून आपापली वस्त्रे बेतली, आणि ती सारखी निघाली.

अशी ही बोली एकटी कधीच नव्हती. पश्चिमेस आर्मेनियन भाषा होती. तिच्यात पार्थियन शब्दांचा एवढा मोठा साठा आहे की विद्वान तिला बराच काळ इराणी भाषाच समजत. १८७५ मध्ये हाइनरिख ह्यूब्शमान यांनी ती इंडो-युरोपीय कुळाची एक स्वतंत्र शाखा आहे हे सिद्ध केले. आपण ज्याला 'हजार' म्हणतो त्याला आर्मेनियन मनुष्यही 'हजार'च म्हणतो. दोघांनीही तो शब्द इराणकडून घेतला. वायव्य इराणी भाषांचे प्राचीन रूप ताडून पाहण्यास आर्मेनियनमधील हे उसने शब्द फार उपयोगी पडतात. शेजाऱ्याच्या घरात ठेवलेली वस्तू आपल्या घराच्या पडझडीनंतरही शाबूत राहावी, तसेच हे झाले. पूर्वेस गिलकी आणि तालिशी या आझरीच्या सख्ख्या भगिनी. वर फारसी. आणि अकराव्या शतकापासून, सेल्जुकांबरोबर आलेल्या ओगुझ टोळ्यांमुळे, तुर्की.

आझरी नेमकी केव्हा लोपली, याला एक तारीख देता येत नाही. भाषा एका दिवसात मरत नाही. ती एकेका घरातून उठून जाते. तरी वाटेवरचे काही टप्पे स्पष्ट दिसतात. मोंगल इलखानांनी तेराव्या शतकात मराघा आणि मग तब्रीझ येथे राजधानी केली. त्यानंतर कराकोयुनलू आणि आककोयुनलू या तुर्कमान घराण्यांचे राज्य आले. अबुल-मज्द याने १३२१ ते १३२३ या काळात तब्रीझ येथे सिद्ध केलेल्या 'सफीना-ए-तब्रीझ' या संग्रहात तब्रीझच्या स्थानिक बोलीतील वचने आहेत. म्हणजे तोवर ती नगरात नांदत होती. याच काळात अर्दबील येथे शेख सफीउद्दीन (१२५२-१३३४) हा सूफी संत होऊन गेला. त्याच्या नावावर असलेली स्थानिक बोलीतील दोनोळी पद्ये त्याच्या वंशजाने लिहिलेल्या ग्रंथात आढळतात. पुढे या संताच्याच कुळात, त्याच्यापासून मोजता सातव्या पिढीत, शाह इस्माइल जन्मला. त्याने १५०१ मध्ये तब्रीझ घेऊन सफवी राज्य स्थापिले आणि 'खताई' या नावाने कविता केली. ती प्रामुख्याने तुर्कीत. एकाच घराण्याच्या सात पिढ्यांत काव्याची भाषा पालटली. एवढ्या एका उदाहरणात साऱ्या प्रांताचा इतिहास साठविला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु तुर्कीने आझरीला मारले, एवढेच म्हणून थांबणे न्यायाचे होणार नाही. आझरीला दरबार कधी मिळाला नाही, लेखनालय मिळाले नाही. तिच्यात दोनोळी पद्ये होत, ती लोकांना अतिशय प्रिय होती. पण तेराव्या शतकातील छंदःशास्त्रकार शम्स-ए-कैस याने या 'फहलवी' पद्यांची वृत्ते सदोष ठरविली. आपली ओवी कोणी गणांच्या मापाने मोजावयास घेतली तर तीही सदोषच ठरेल. आझरीच्या वाट्याला ओवी आली, पण त्या ओवीचा ग्रंथ करणारा ज्ञानेश्वर आला नाही. तब्रीझचा विद्वान फारसीत लिही, अरबीत धर्मचर्चा करी, आणि बोली घरापुरती ठेवी. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रूही अनारजानी याच्या ग्रंथात तब्रीझच्या बोलीतील काही प्रकरणे आहेत. तीही आझरीत नसून तेथील बाजारी फारसीत आहेत, असे हेनिंग या विद्वानाचे मत आहे. म्हणजे वरून फारसी आणि खालून तुर्की, अशा दोन्ही अंगांनी ही बोली आटत गेली. ती शेवटी टिकली ती डोंगरातील खेड्यांत आणि स्त्रियांच्या तोंडी. सतराव्या शतकातील तुर्क प्रवासी एव्लिया चेलेबी नोंदवितो की, मराघ्याच्या बहुतेक स्त्रिया पहलवीत बोलतात. पुरुष बाजाराची भाषा बोलू लागले तरी चुलीपाशी जुनी भाषा काही काळ नांदली.

येथे विद्वानांच्या सावधगिरीचाही उल्लेख केला पाहिजे. आझरबैजानात आज आढळणारी प्रत्येक इराणी बोली म्हणजे आझरीचाच अवशेष, असे सरसकट मानणे युक्त नव्हे, असा इशारा हेनिंग यांनी १९५४ मध्ये दिला. लोक स्थलांतर करतात, आणि बोली त्यांच्याबरोबर प्रवास करतात. हरझनीचे साम्य तालिशीशी जास्त आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. पुराव्याच्या पुढे न जाणे हा या अभ्यासाचा पहिला धर्म होय.

हा धर्म पाळणे या प्रकरणी विशेष कठीण गेले, कारण प्रश्न केवळ शब्दांचा राहिला नव्हता. एका पक्षाने म्हणावे, आम्ही अनादिकाळापासून तुर्कच. आझरी ही कल्पना आहे. दुसऱ्याने म्हणावे, तुमची तुर्की ही परक्यांनी लादलेली. सबब ती सोडून द्या. कसरवी स्वतः सर्व इराणची एकच भाषा असावी या मताचे होते, आणि रझा शाहच्या अमदानीत शाळा केवळ फारसीच्या झाल्या. डिसेंबर १९४५ मध्ये तब्रीझ येथे स्वायत्त सरकार स्थापन होऊन त्याने शाळांत तुर्की आणली. वर्षभरातच, डिसेंबर १९४६ मध्ये, ते सरकार कोसळले आणि ती पुस्तकेही गेली. १९७९च्या इराणी राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने फारसीच्या जोडीने प्रादेशिक भाषांचे वाङ्मय शाळांत शिकविण्यास मुभा दिली आहे. पण या साऱ्या झटापटीत जिच्या नावाने वाद चालला, त्या आझरीच्या उरलेल्या वारसदार बोली, ताती, हरझनी, तालिशी, यांची दखल कोणी फारशी घेतली नाही. मेलेल्या भाषेचा पुरावा म्हणून त्यांना मान मिळाला. जिवंत भाषा म्हणून मिळाला नाही.

सीमाभागात शिकविण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना या कथेचा अर्थ समजावून सांगावयास नको. आपल्याकडेही शिलालेख हाती घेऊन भूमी कोणाची हे ठरविणारे दोन्ही बाजूंना आहेत. शिलालेख वाचले पाहिजेत, आणि ते प्रामाणिकपणे वाचले पाहिजेत. कसरवींची पुस्तिका अद्याप टिकून आहे ती तिच्यातील प्रामाणिक पुराव्यामुळे. परंतु येथे पूर्वी कोणती भाषा होती, हा इतिहासाचा प्रश्न आहे. आज समोर बसलेल्या मुलाने कोणत्या भाषेत शिकावे, हा निराळा प्रश्न आहे, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही. माझ्या वर्गात घरी एक, बाजारात दुसरी आणि पुस्तकात तिसरी भाषा असलेली मुले बसतात. त्यांच्यापैकी एखादा जेव्हा आपल्या आईच्या बोलीतील शब्द निबंधात लिहितो आणि मी तो लाल शाईने खोडू लागतो, तेव्हा मला तब्रीझचा तो कत्रान आठवतो. परभाषेत उत्तम कविता रचणारा आणि तीतील शब्दांचे अर्थ पाहुण्याला विचारणारा तो कवी आपल्या आईशी ज्या भाषेत बोलला असेल, तिच्यात त्याने चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर आज आपल्याला केवढा आधार झाला असता!

मशिदीत बसलेल्या त्या अंध कवीने एका अनोळखी भाषेचे संभाषण पाठ करून ठेवले. त्याला ती भाषा समजत नव्हती, तरी ती त्याने लक्ष देऊन ऐकली. ज्यांची भाषा आपल्याला समजत नाही त्या शेजाऱ्यांविषयी निदान एवढे तरी आपल्याला करता येण्यासारखे आहे.